तिकडे बघू तुझं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मला कामावर घेतलं. डॉक्टर म्हणून नाही, मदतनीस म्हणून. पिंजरे धुवायचे, जनावरं धरून ठेवायची, ऑपरेशनच्या वेळी भुलेवर लक्ष ठेवायचं आणि सुईला हात लावायचा नाही.

तिकडे घरी मी आठ वर्षं सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर होते. किती अडलेल्या गाई सोडवल्या, किती म्हशींना सलाईन लावलं, गणती नाही. इथे येऊन दोन वर्षं झाली आणि तेवढ्या काळात एकाच प्राण्याची देखभाल केली, ती म्हणजे आमचं पिल्लू. वय वर्षं चार.

इथला नियम असा, की परवाना असलेल्या डॉक्टरच्या हाताखाली काही महिने राबायचं, मग त्या डॉक्टरने 'ही बाई ठीक आहे' असं कळवायचं, मग प्रात्यक्षिक परीक्षा आणि मग परवाना. हाताखाली घ्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. सगळे गोड हसायचे. एकाने तर सांगितलं, "या कामासाठी तुम्ही फारच शिकलेल्या आहात." म्हणजे डॉक्टर व्हायला कमी आणि झाडू मारायला जास्त.

आजच्या बाई हसल्या नाहीत. साठीच्या असतील. दवाखाना त्यांचाच. आम्ही सगळे त्यांना मोठ्या डॉक्टर म्हणणार असं दिसतंय, कारण त्यांच्यासमोर नाव घ्यायची कोणाची छाती होत नाही. "उद्यापासून या," एवढंच म्हणाल्या.

नवऱ्याला सांगितलं. "छान झालं. करून बघ," तो म्हणाला. "नाही जमलं तर सोडता येतंच." किती हलकं वाटलं! कसलं दडपण नाही, अपेक्षा नाही. पिल्लूचे हाल नकोत म्हणून त्याने आपल्या आईला बोलावून घेतलंय. भीती वाटतेय ती कामापेक्षा त्यांच्या येण्याचीच.

दिवसभर परक्या भाषेत बोलून जीभ अवघडते, म्हणून हे लिहायला घेतलंय. इथे तरी कोणी माझं व्याकरण काढणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई आल्या. मी दारातून आत पाऊल टाकलं तर त्यांनी नाकाला पदर लावला. "कसला वास हा?"

"जंतुनाशकाचा, आई. आणि एका बोक्याचा."

"आधी अंघोळ कर."

जेवताना विचारलं, "तिथे तुला डॉक्टर म्हणतात का?"

"नाही."

"मग काय म्हणतात?"

"नुसतं नाव घेतात."

त्यांनी वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "आणि तू ओ देतेस?"

पहिल्याच दिवशी टोमणा! नवरा हसून म्हणाला, "अगं आई, ती हौसेने करतेय." त्याने बाजू सावरून घेतली म्हणून बरं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजची फजिती लिहून ठेवायलाच हवी. काल एका गृहस्थांना फोनवर सांगायचं होतं, की ऑपरेशन आहे, सकाळपासून मांजराला उपाशी ठेवा. क्रियापद चुकलं. मी सांगितलं, "तुम्ही उपाशी राहा." आज गृहस्थ फिकट चेहऱ्याने हजर. पोटात अन्नाचा कण नाही. मांजर मात्र पोटभर जेवून आलेलं. ऑपरेशन पुढे ढकललं. मोठ्या डॉक्टरांनी पाठ फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते. रागाने की हसण्याने, कळलं नाही.

बाकी दिवस कठीण. कुत्र्याचा पाय धरून उभी राहते, शीर समोर दिसते, बोटं शिवशिवतात. कोणी विचारलं, "याला काय झालंय हो?" तर म्हणायचं, "डॉक्टर सांगतील." हे वाक्य मात्र मला अगदी अचूक येतं.

घरी हे सांगितलं तर सासूबाई हसल्या नाहीत. "क्रियापदं पाठ कर," म्हणाल्या. "मी विचारीन." आता माझी शिकवणीही घेणार.

६ मार्च, गुरुवार

आज नोकरी जाता जाता राहिली.

एका म्हाताऱ्या कुत्रीचं पोट उघडलेलं. मोठ्या डॉक्टर टाके घालत होत्या, मी भुलेच्या यंत्रापाशी. तेवढ्यात बाहेरच्या टेबलावरची मुलगी दारात येऊन म्हणाली, "तुझ्या घरून फोन. मुलीला खूप ताप आहे, लगेच ये म्हणतायत."

मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली नाही. दुसऱ्या मदतनिसाला बोलावलं, मला म्हणाल्या, "जा. पण ऑपरेशन अर्ध्यात सोडून जाणारं माणूस मला दुसऱ्यांदा परवडणार नाही."

धावत पळत घरी आले. पिल्लू खुर्चीवर बसून केळं खात होतं. अंगाला हात लावला तर कोमट.

"ताप सकाळी होता. केव्हाच उतरला," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगत होते याला, तिला बोलावू नकोस, मी आहे ना घरात."

मला इतका संताप आला! पोर तापलेलं आणि यांना आपला तोरा. नवरा आज घरूनच काम करत होता, बिचारा किती घाबरला असेल. तो म्हणाला, "तिला तू हवी होतीस. मला बघवेना." बाप असा कासावीस होतो, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं.

पिल्लूला विचारलं, "मी हवी होते का तुला?" ती म्हणाली, "मला केळं हवं होतं."

१५ मार्च, शनिवार

शाळेतून पिल्लूला आणायचं काम नवऱ्याकडे आहे. या आठवड्यात तो दोनदा उशिरा पोचला आणि शाळेने फोन मला केला. मीटिंग लांबली म्हणाला. लांबतात मीटिंगा. दोन्ही वेळा मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढताना मी जमिनीकडे बघत होते.

काल घरी आले तर स्वयंपाकघरातून आवाज चढलेले. नवरा म्हणत होता, "आई, तू यात पडू नकोस." मी दिसताच दोघं गप्प. सासूबाईंनी पातेल्यावर झाकण आपटलं. माझीच तक्रार चालली असणार. दुसरा विषय कुठलाय त्यांना?

आणि आज त्यांनी फर्मान काढलं. "सोमवारपासून पोरीला शाळेतून मी आणणार."

"आई, रस्ता लांब आहे. तुम्हाला इथलं काही कळत नाही."

"दोन दिवस तिथवर चालून आलेय मी. औषधाच्या दुकानापाशी वळायचं. शाळेच्या बाईंना काय म्हणायचं, तेवढं एक वाक्य शिकव."

शिकवलं. चहा गाळताना पुटपुटत होत्या, "मी हिची आजी. मी हिला न्यायला आले." नवरा पेपरमागे गप्प बसून होता. मला वाटलं, हळूहळू पोर माझ्या हातातून काढून घेणार या. सकाळी मी जाते तेव्हा ती झोपलेली, आणि आता दुपारही यांची.

३ एप्रिल, गुरुवार

मोठ्या डॉक्टर मला शहराबाहेरच्या गोठ्यावर घेऊन गेल्या. गाभण तपासणी होती. "परीक्षेत गाय असते," एवढंच बोलून त्यांनी लांब हातमोजा माझ्याकडे फेकला. हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बोटांना सगळं आठवलं. डोळे मिटून उभी होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, गोठेवाली बाई म्हणाली, "हिला बरं वाटत नाहीये का?" मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "नाही. हिला फार बरं वाटतंय."

परतताना गाडीत त्यांनी सांगितलं, परीक्षा-मंडळाला कळवलंय. अठ्ठावीस एप्रिल. केंद्र म्हणजे लांबचं पशुवैद्यक कॉलेज. सकाळी तिकडे बस जात नाही. नवरा म्हणाला, "मी आहे ना. मी सोडतो."

सासूबाईंनी तारीख दोनदा विचारून घेतली. माझ्यावर पाळत ठेवल्यासारखी.

२६ एप्रिल, शनिवार

परवा परीक्षा, आणि नवऱ्याने आज मित्रमंडळी जेवायला बोलावली. "तुलाही जरा बदल," म्हणाला. चांगल्या मनानेच. पण सकाळपासून चुलीपाशी होते. भुलेच्या औषधांची मात्रा भात शिजता शिजता मनात म्हणत होते.

पाहुण्यांचं जेवण झालं न झालं तोच सासूबाई ताटं उचलायला लागल्या. मग उभ्या राहिल्या आणि घरच्या भाषेत, सगळ्यांना समजेल अशा, म्हणाल्या, "आता निघा तुम्ही. हिची परीक्षा आहे. गप्पा मारायच्या तर याला घेऊन बाहेर जा." मित्रांनी चपला शोधायला सुरुवात केली. मी शरमेने अर्धी झाले. नवऱ्याचा चेहरा काळाठिक्कर. "आई, माझ्या घरात माझ्या मित्रांना..." एवढंच म्हणाला आणि त्यांच्याबरोबर निघून गेला.

सासूबाई भांडी घासत होत्या. मी फडकं घ्यायला गेले तर ओरडल्या, "पुस्तक घे!"

बसले. शरमेतसुद्धा तीन धडे झाले.

२७ एप्रिल, रविवार

घाईत लिहितेय, अक्षर लागेल की नाही कोण जाणे.

संध्याकाळी नवरा म्हणाला, उद्या त्याला पहाटेच ऑफिसच्या कामाला बाहेरगावी जायचंय. गाडी लागणार. आत्ताच निरोप आला. "पुढच्या वेळी दे ना परीक्षा. सहा महिन्यांनी असतेच. तोवर तयारीही चांगली होईल." डोळ्यांत खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. मी 'बरं' म्हणणारच होते. तोंडातून 'ब' निघालासुद्धा.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तुझ्या त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

"त्यांना कशाला, आई? इथे अशी पद्धत नसते. रविवार आहे."

"तू लावतेस की मी लावू? मला भाषा येत नाही. मी नुसती रडेन फोनवर. मग त्या घाबरून येतीलच."

लावला. अडखळत सांगितलं. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "सहाला खाली उभी राहा. काही खाऊन ये. या वेळी क्रियापद नीट ऐकलंस ना? तू खाऊन ये."

फोन ठेवला तर नवरा खोलीत नव्हता. सासूबाई माझा पांढरा कोट इस्त्री करत होत्या. पाठमोऱ्या. मी नुसतं "आई" म्हटलं. त्या म्हणाल्या, "कॉलर नीट बसत नाहीये याची."

मला काहीतरी समजायला लागलंय आणि ते समजून घ्यायला आज वेळ नाही.

२८ एप्रिल, सोमवार

थोडक्यात लिहिते.

गाय ठीक. मेंढी ठीक. घोड्याने खूर द्यायला साफ नकार दिला, कान मागे टाकले, मी घाबरले आणि परीक्षकाने ते पाहिलं. शेवटी खूर दिला, पण मेहरबानी केल्यासारखा.

सगळ्यात शेवटी कुत्र्याला भूल. सुई लावली, नळी घातली, सगळं पाठ म्हटल्यासारखं चाललं होतं आणि एकदम त्याची छाती हलायची थांबली. हिरड्या निळसर व्हायला लागल्या. दोन्ही परीक्षक माझ्याकडे बघत होते, कुत्र्याकडे नाही. भुलेचा वायू बंद केला, यंत्राची पिशवी दाबत श्वास देत राहिले. कितीतरी वेळ काहीच नाही. मनात मराठीत म्हणत होते, घे रे राजा, घे. आणि त्याने घेतला. आधी एक, अडखळत. मग दुसरा.

परीक्षक म्हणाले, "धन्यवाद. हात धुवा." बरं झालं की वाईट, काही कळायला मार्ग नाही.

मोठ्या डॉक्टर दिवसभर बाहेर गाडीत बसून होत्या. परत येताना वाटेत एकच प्रश्न, "जिवंत आहे ना?"

"कुत्रा? हो."

"मी तुझं विचारत होते."

१ मे, गुरुवार

आज जेवताना नवऱ्याने सांगितलं, की त्याला दुसऱ्या शहरात वरची जागा मिळाली आहे. जूनपासून. मोठं घर, चांगली शाळा. चेहरा खुललेला.

"आणि माझी नोकरी?" मी विचारलं.

"अगं, ती काय नोकरी आहे? तिकडे बघू तुझं."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "तू त्यांना हो केव्हा म्हणालास?"

"आई, ते..."

"केव्हा?"

"मार्चच्या सुरुवातीला."

मार्च. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिले. मार्चमध्ये काय काय झालं, ते एकेक करून आठवत होतं. थांबवलं तरी थांबेना. ताप. शाळेतले फोन. आणि पेपरमागचा तो गप्प चेहरा.

"तुला माहीत होतं, आई. मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो. आणि तिला सांग, म्हणून मी तुझ्यामागे लागले होते. तू म्हणालास, ती आपोआप थकेल, मग सांगायला सोपं जाईल."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मी शाळेत गणित शिकवायचे, हे तुला याने कधी सांगितलं का?"

मी मान हलवली. खरंच माहीत नव्हतं.

"याच्या बाबांच्या तीन बदल्या झाल्या. दर वेळी म्हणायचे, तिकडे बघू तुझं. पहिल्या गावात मी स्वतः शाळा शोधली. दुसऱ्या गावात अर्ज केला. तिसऱ्या गावात पिशव्या शिवल्या."

"तू तर कधी तक्रार केली नाहीस," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"केली नाही, म्हणूनच तुला वाटलं की असंच असतं."

पिल्लूने विचारलं, "आजी, पिशव्या कसल्या?" आजीने तिच्या ताटात भात वाढला.

१४ मे, बुधवार

पास. घोड्यासकट.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर हात मिळवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची ड्यूटी सोमवारपासून. गोठ्यांचं काम तुमच्याकडे. इथे राहायच्या परवानगीचे कागद दवाखाना करेल." म्हणजे माझा इथला मुक्काम आता नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला नाही. एवढं एक वाक्य समजायला मला घरापर्यंतचा सगळा रस्ता लागला.

घरी नवऱ्याने जवळ घेतलं. डोळे भरले होते त्याचे, खोटं सांगत नाही. मग म्हणाला, "आता तर तिकडेही सहज मिळेल तुला."

"मी येणार नाहीये."

"म्हणजे? मी काय एकटा राहू?"

"दोन वर्षं मी एकटीच होते की."

"मी रोज घरी यायचो."

"हो. तू यायचास."

तो खूप बोलला. मी बदललेय, आईने माझे कान भरले, पिल्लूचा विचार कर, लोक काय म्हणतील. त्यातलं पिल्लूचं तेवढं लागलं. ते रात्रभर लागत राहील. पण तो थकून थांबला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या सगळ्यात त्याने मला एकदाही विचारलं नाही, की तुला काय हवंय. आणि मीही स्वतःला इतके दिवस विचारलं नव्हतं.

आईंबद्दल लिहिलेली आधीची पानं वाचली. फाडावीशी वाटली. नाही फाडली.

१ जून, रविवार

तो गेला. तुटलं वगैरे म्हणवत नाही. महिन्यातून एकदा येईन म्हणालाय, बघू. गाडीत सामान भरताना पिल्लूने स्वतःची उशी त्याला दिली आणि मग परत मागितली. तो हसला, मग तोंड फिरवलं. मला म्हणाला, "तू चुकते आहेस."

"असेन," मी म्हटलं.

वाटलं होतं, गाडी वळली की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. घरात त्याचा कप दिसला आणि जिन्यातच बसले. वाईट माणूस असता तर किती सोपं गेलं असतं!

आईंचा मुक्काम वाढवून घेतलाय. मुलाला निरोप देऊन त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी चहा ठेवला, दोघींचा.

१० जून, मंगळवार

दुपारी गोठ्यावरून बोलावणं आलं. गाय अडली होती, सकाळपासून कळा देऊन देऊन आडवी पडलेली. मोठ्या डॉक्टर ऑपरेशनमध्ये. म्हणाल्या, "जा." बरोबर कोणी नाही, विचारायला कोणी नाही.

वासराची मान मागे वळलेली. बोटांना जबडा लागायचा, तेवढ्यात कळ यायची आणि हात सुन्न व्हायचा. गोठेवाली बाई शेपूट धरून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. एकदा वाटलं, नाही होणार. गाईने डोळे पांढरे केले होते. मातीत पालथी पडून पुन्हा हात घातला, दोरीचा फास जबड्यात अडकवला, कळ ओसरायची वाट पाहिली आणि मान वळवली. वळली! मग पुढचे दोन्ही पाय आणि डोकं एका रांगेत आलं आणि आम्ही दोघींनी ओढलं.

वासरू पडलं ते मेल्यासारखंच. नाक पुसलं, छाती चोळली, पेंढीने खसाखसा घासलं. शिंकलं. गोठेवाली बाई मातीतच फतकल मारून बसली आणि रडायला लागली.

मी मात्र गाईजवळ थांबले. अशा वेळी ती उठते की नाही, यावर सगळं असतं.

घरी आले तेव्हा खांद्यापासून हात उचलत नव्हता. आई दारातच उभ्या. पिल्लू त्यांच्या मागे.

"काय झालं?"

"कालवड."

"आणि आई?"

"उभी राहिली," मी म्हटलं.